सदाफुलीचा काढा सदाफुलीलाच का बाधला?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझ्याकडे गुलाबी सदाफुलीचं जुनं झुडूप आहे. त्याच्या शेंगांतलं बी जमवून दोन उथळ ट्रेमध्ये पेरलं, प्रत्येकात ४०. बी बारीक, म्हणून वर माती घातली नाही, नुसतं भुरभुरलं आणि ट्रे खिडकीत ठेवले. सदाफुली औषधी, तिच्या पानांना कीड फारशी शिवत नाही, म्हणून एका ट्रेला रोज तिच्याच पानांचा उकळून गार केलेला काढा घातला आणि वर पानांचा चुरा अंथरला. दुसऱ्याला साधं पाणी. १४ दिवसांनी साध्या पाण्याच्या ट्रेत ११ रोपं होती, काढ्याच्या ट्रेत ३. त्यातलं एक उपटून पाहिलं, तर मुळाचं टोक तपकिरी. आईच्या अंगचं औषध पिल्लांनाच मारतं का? आणि मग झाड स्वतः कसं जगतं?

उत्तर : तुम्ही दोन ट्रे केलेत आणि आकडे लिहून ठेवलेत, म्हणून मला काही सांगता येतंय. बहुतेक पत्रांत ‘रोपं आली नाहीत’ एवढंच असतं.

आधी साध्या पाण्याचा ट्रे घेऊ. ४० पैकी ११ ही काही चांगली उगवण नव्हे, आणि तिथे काढ्याचा एक थेंबही नव्हता. सदाफुलीच्या बियांना उगवायला अंधार लागतो. पहिले काही दिवस त्यांच्यावर मातीचा पातळ थर हवा, नाहीतर ट्रेवर जाड कागद. तुमचं बी खिडकीतल्या उजेडात उघडं पडलं होतं. म्हणजे इथली बरीचशी नापास बियाणी औषधामुळे नाही, उजेडामुळे नापास झाली.

आता दुसरा ट्रे. त्यावर पानांचा चुरा होता, म्हणजे त्या बियांना आयताच अंधार मिळाला. त्या ट्रेत रोपं जास्त यायला हवी होती. आली फक्त ३. त्यामुळे काढ्यावरचा माझा संशय कमी होत नाही, उलट वाढतो. पण त्या ट्रेत तुम्ही एक गोष्ट बदलली नाहीत, तीन बदलल्यात : काढा, चुरा आणि अंधार. ओला चुरा कुजतो, ओल धरून ठेवतो, आणि रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीला ते घरच होतं. सदाफुलीची कोवळी रोपं या बुरशीला फार लवकर बळी पडतात. काढा उकळलात म्हणजे पानांतली साखर आणि क्षारही त्यात उतरले. तेही त्या बुरशीला खाऊच. शिवाय रोज काढा घातलात. पाणी उडून जातं, त्यातलं बाकी सगळं ट्रेमध्ये साठत राहतं. चौदाव्या दिवशी मुळं ज्यात उभी होती ते पहिल्या दिवसाच्या काढ्यापेक्षा कितीतरी दाट होतं.

उरलेली दोन रोपं अजून असतील तर भिंगाखाली पाहा. बुरशी असेल तर खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक आणि पाणचट होतं आणि रोप आडवं होतं. द्रव्याचा मार असेल तर रोप उभंच असतं, पण वाढत नाही. त्याचं मूळ पाहण्यासारखं असतं. निरोगी मूळ पांढरं, टोकाला काचेसारखं, आणि टोकापासून थोडं मागे मखमलीसारखी बारीक लव. ती लव म्हणजे मूलरोम, पाणी ओढणारे. मार बसलेल्या मुळाचं टोक बोथट होतं, कधी फुगतं, तपकिरी पडतं, आणि लव जवळजवळ नसते. वर दोन दलं हिरवीगार दिसत असतात, म्हणून आपण फसतो. सगळं नुकसान खाली झालेलं असतं. अशा प्रयोगांत कोंबाच्या आधी मूळ मार खातं, कारण द्रव्याला पहिल्यांदा भिडतं ते मूळ, आणि पेशी सगळ्यात वेगानं दुभंगत असतात त्या मुळाच्या टोकाशी.

इथे एक मोह होतो. सदाफुलीच्या पानांत विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन आहेत. रक्ताच्या आणि इतर काही कर्करोगांवर ती दिली जातात. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे असतात, ते ही द्रव्यं जुळूच देत नाहीत. मूळ वाढायचं थांबलं आणि पानांत पेशीविभाजन थांबवणारं औषध आहे, मग दोन्ही जोडून मोकळं व्हावंसं वाटतं. मी जोडणार नाही. ही दोन द्रव्यं पानांत इतकी थोडी असतात की एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला शेकडो किलो सुकी पानं लागतात. तुमच्या भांडंभर काढ्यात ती कितीशी असणार? त्याच पानांत त्यांच्याच घराण्यातली इतर शंभरावर द्रव्यं, अल्कलॉइडं, आहेत आणि त्याहून कितीतरी जास्त फिनॉलिक आम्लं. फेरुलिक, कुमॅरिक अशी ही आम्लं असंख्य झाडांच्या पानांत असतात आणि पुरेशी दाट झाली की कुठल्याही कोवळ्या मुळाला खुरटवतात. प्रसिद्ध द्रव्य तेच गुन्हेगार असतं असं नाही.

हे मी शिकले ते चुकून शिकले, म्हणून सांगते. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी एका औषधी झुडपाच्या पानांचा दहा टक्क्यांचा अर्क त्याच्याच बियांना देत होते. मुळं निम्म्याहून कमी वाढायची. सहा महिने नोंदी केल्या, आलेख काढले, आणि ‘स्वतःच्याच विषानं खुरटणारी वनस्पती’ असं मनात पक्कं करून मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तेवढ्याच दाट निरुपद्रवी पाण्यात मुळं किती वाढली?’’ मी ते पाहिलंच नव्हतं. द्रावण दाट असलं की बीला पाणी ओढणंच जड जातं. त्यात विष असण्याची गरजच नसते. मी मॅनिटॉल या साखरेसारख्या निरुपद्रवी पदार्थाचं तेवढंच दाट द्रावण करून तीच बियाणी त्यात ठेवली, आणि मुळं तिथेही खुरटली. अर्काइतकी नाही, पण बरीच. ज्याला मी विष म्हणत होते त्याचा मोठा भाग नुसता दाटपणा होता. त्या दिवसापासून तुलनेची वाटी नसलेल्या कुठल्याही प्रयोगावर मी विश्वास ठेवलेला नाही, स्वतःच्याही नाही.

तेव्हा पुन्हा करून पाहा, पण मातीत नको, आधी टीपकागदावर. सावलीत सुकवलेली पानं एक ग्रॅम आणि पाणी १०० मिलिलिटर घ्या, रात्रभर भिजू द्या, उकळू नका, मग दाट कापडातून गाळा. हा एक टक्क्याचा अर्क. एवढ्या पातळ अर्कात दाटपणाचा प्रश्न जवळजवळ सुटतो, मॅनिटॉल शोधत बसावं लागत नाही. त्यातला थोडा निम्मा पातळ करा, थोडा दहापट पातळ. झाकणाच्या वाट्यांत ओला टीपकागद आणि प्रत्येकीत २० बिया. एक वाटी साध्या पाण्याची. एका वाटीत सदाफुलीशी काही संबंध नसलेल्या, साध्या, बिनऔषधी झाडाच्या पानांचा एक टक्क्याचा अर्क घाला. ही वाटी कुणी करत नाही आणि तीच सगळ्यात बोलकी असते. तिथेही मुळं तेवढीच खुरटली, तर दोष सदाफुलीचा नाही, कुठल्याही पाल्याच्या पाण्याचा आहे. आणखी एक वाटी जमली तर उत्तम : मत्स्यटाकीच्या गाळणीत वापरतात तो सक्रिय कोळसा चिमूटभर अर्कात ढवळा, तासाभरानं गाळा, आणि ते पाणी द्या. कोळसा सेंद्रिय द्रव्यं ओढून घेतो आणि क्षार बहुतेक तसेच ठेवतो. मुळं पुन्हा नीट वाढली, तर मार सेंद्रिय द्रव्याचाच होता.

सगळ्या वाट्या बंद कपाटात ठेवा, ऊब २५ अंशांच्या आसपास असू द्या. बाजूला अळिवाचीही एक जोडी लावा, एक अर्कात, एक पाण्यात. अळीव फार लवकर मोड काढतो, म्हणून असल्या चाचण्यांत तो जुना सोबती आहे. अळीव खुरटला आणि सदाफुली नाही, तर सदाफुलीला स्वतःच्या द्रव्यांची सवय आहे असं म्हणायला जागा होईल. दोन्ही खुरटले, तर सवय-बिवय काही नाही. आणि किती उगवल्या एवढंच मोजू नका, मुळाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. उगवणीचा आकडा बऱ्याचदा तसाच राहतो आणि मुळं मात्र निम्मी झालेली असतात. दहापट पातळ वाटीत मुळं साध्या पाण्यापेक्षा थोडी लांब आली तरी दचकू नका. जे द्रव्य दाट असताना अडवतं ते अगदी पातळ असताना चेतवतं, हे पुष्कळदा दिसतं.

आता आईनं पिल्लं मारण्याबद्दल. ज्यांच्याकडे सदाफुली आहे त्यांनी जुन्या झुडपाच्या पायाशी पाहावं. फरशीच्या फटीत, शेजारच्या कुंडीत, भिंतीच्या भेगेत तिची रोपं आपोआप येतात. बी तिथे पडलं, मातीच्या कणाआड अंधारात गेलं आणि रुजलं. तिची द्रव्यं जमिनीत एवढी घातक असती तर हे दिसलं नसतं. मातीत जिवाणू या द्रव्यांचे तुकडे करतात, चिकणमाती आणि ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा अंश, त्यांना धरून ठेवतात, पाऊस वाहून नेतो. तुमच्या ट्रेत यातलं फारसं काही नव्हतं, होता तो रोजचा ताजा काढा. ‘आई मारते’ हे म्हणणं मला आवडत नाही, आणि ते भावनेपोटी नाही. आईखाली रोप मेलं तर सावली, पाण्याची ओढाताण आणि साचलेली कीड ही तीन कारणं आधी तपासायची असतात. ती तपासून झाल्यावर उरेल ते द्रव्यांच्या नावावर.

झाड स्वतः कसं जगतं, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. बऱ्याचदा उत्तर साठवणीत असतं. विनब्लास्टिन ज्या दोन द्रव्यांच्या जोडणीतून होतं त्यांतलं कॅथरँथिन जवळजवळ सगळं पानावरच्या मेणाच्या थरात असतं आणि विंडोलिन आतल्या पेशींत. हे २०१० साली दाखवलं गेलं. एकाच पानात, पण भिंतीच्या दोन बाजूंना. तुम्ही पान कुस्करलंत की भिंत मोडली. काही झाडं द्रव्याला साखर जोडून ते निष्प्रभ करतात आणि पेशीतल्या पाण्याच्या कोठीत, रिक्तिकेत, कोंडून ठेवतात. चीनमधल्या कॅम्प्टोथेका वृक्षाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं कॅम्प्टोथेसिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जखडतं आणि पेशी मारतं, म्हणून त्यापासून कर्करोगाची औषधं झाली. पण त्या झाडाच्या स्वतःच्या विकरात एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, त्यामुळे ते द्रव्य तिथे नीट बसतच नाही. हे २००८ साली उलगडलं.

आणि कॉफी. कॅफीनही औषधच, आणि पेशी दुभंगल्यावर मधली नवी भिंत उभी राहण्यात ते अडथळा आणतं. कॉफीच्या बीत गर्भ चहूबाजूंनी कॅफीन असलेल्या गरात बसलेला असतो. म्हणजे रोपाचा जन्मच औषधाच्या डब्यात. मग ते रुजतं कसं? आधी मुळाच्या वरचा भाग लांबतो, तोही नव्या पेशी न करता, असलेल्या पेशी ताणून. त्या ताणानं मुळाचं टोक गराबाहेर ढकललं जातं. बाहेर पडून कॅफीनपासून दूर गेल्यावर मगच तिथल्या पेशी दुभंगायला लागतात. मी विद्यार्थ्यांना हे दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी सांगताना मला स्वतःला ते नव्यानं थक्क करायचं. घातक द्रव्यात जन्मून, योग्य वेळ येईपर्यंत पेशीविभाजन रोखून धरणारं रोप!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. बीला स्वतःची द्रव्यं कुठे आणि कधी असतील याची तयारी असते. बाहेरून, उकळून, रोज, थेट मुळांवर, ही तयारी कुठल्याच बीची नसते.

एक सूचना. पानं कुस्करताना हातमोजे घाला, आणि ते भांडं आणि गाळणी स्वयंपाकात परत नेऊ नका.

प्रश्न : जिनसेंग हे औषधी मूळ एकदा काढलं की त्या जमिनीत पुन्हा लावता येत नाही, असं वाचलं. स्वतःच्या मुळांतलं औषध जमिनीत सोडून ते जमीन नासवतं, हे खरं का?

उत्तर : पुन्हा लावता येत नाही हे खरं. जिनसेंग चार ते सहा वर्षं जमिनीत असतं, आणि काढणीनंतर त्याच जागी लावलं तर रोपं कुजतात, मुळांवर गंजासारखे डाग पडतात. शेतकरी दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त, ती जागा जिनसेंगला देत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर जिनसेंगचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीत उरलेला परिणाम, जिनसेंगला सर्वांत वाईट.

कारण मात्र ‘विष सोडलं’ इतकं सरळ नाही. जिनसेंगची मुळं जिनसेनोसाइडं मातीत सोडतात, तीच ज्यांच्यासाठी हे मूळ विकलं जातं. अमेरिकन जिनसेंगवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की ही द्रव्यं काही बुरशींना थोडी रोखतात, पण जिनसेंगचीच मुळं कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाची वाढ त्यांच्यामुळे उलट जोमानं होते. म्हणजे झाडानं स्वतःला विष दिलं नाही, स्वतःच्या शत्रूला जेवण वाढलं. चार-सहा वर्षं ते वाढलं जातं, शत्रू जमिनीत ठाण मांडतो, आणि नंतर आलेलं कोवळं रोप त्याच्या तोंडी सापडतं. फिनॉलिक आम्लांचा थेट मारही त्यात असतो, जमिनीचा पोतही बिघडतो. या तिन्हींत कुणाचा वाटा किती हे जमिनीजमिनीवर ठरतं.

मुळांच्या स्रावामुळे जमीन पिकाला विटते हा विचार जुना आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कँदोल यांनी तो १८३२ साली मांडला होता. ‘ॲलेलोपथी’ हा शब्द मात्र हान्स मोलिश यांचा, १९३७ सालचा, ग्रीकमधल्या ‘एकमेकांचं’ आणि ‘सोसणं’ या शब्दांवरून केलेला. एका वनस्पतीनं द्रव्यांमार्फत दुसरीवर केलेला परिणाम, असा त्याचा अर्थ. तोच परिणाम स्वतःच्याच जातीवर झाला की त्याला स्वविषाक्तता म्हणतात. शब्द जड आहे, पण जिनसेंगच्या बाबतीत मी तो जपून वापरीन, कारण त्यात पिथियम दिसतच नाही.

प्रश्न : औषधी वनस्पतींचे अर्क इतर रोपांना खुरटवतात, तर त्यांचं घरगुती तणनाशक का करू नये?

उत्तर : करतात लोक, पण मी सुचवणार नाही. तण कुठलं आणि पीक कुठलं हे अर्काला कळत नाही. आर्टेमिसिनिन घ्या, हिवतापावरचं औषध, ज्याच्या शोधासाठी तू युयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. ते लेट्यूसच्या कोवळ्या मुळांना जोरात खुरटवतं, पण त्याला तुमच्या वाफ्यातलं लेट्यूस आणि शेजारचं तण सारखंच. झाड स्वतः ते पानांवरच्या बारीक ग्रंथिकेसांच्या टोकाशी, पेशींच्या बाहेर ठेवतं, ते काही उगीच नाही.

या वाटेनं खरं तणनाशक झालं ते वेगळ्या पद्धतीनं. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका संशोधकाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली फारसं काही उगवत नाही. त्यानं मातीची आणि झाडाची तपासणी केली, लेप्टोस्पर्मोन नावाचं द्रव्य सापडलं. ते जसंच्या तसं कमजोर होतं. त्याचा साचा घेऊन, रेणूत बदल करत करत पुढे मेसोट्रायोन झालं, जे मक्याला सोसतं आणि रुंद पानांच्या तणांना सोसत नाही. झाडाखालच्या रिकाम्या जमिनीपासून तिथवर जायला वीसेक वर्षं लागली.

प्रश्न : पहिल्या पत्रातल्या ताईंसारखीच मीही सदाफुलीची पानं वापरते, पण रोपांसाठी नाही. रोज सकाळी चार पानं चावून खाते. औषधी आहे तर चालेल ना?

उत्तर : नाही, आजपासून थांबवा. वर लिहिलेली द्रव्यं माणसाच्याही दुभंगणाऱ्या पेशींवर तसंच काम करतात, आणि पानागणिक प्रमाण बदलतं. रुग्णालयात विनक्रिस्टिन रुग्णाच्या अंगाच्या मापानं मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, रक्ततपासण्या करत देतात. तुम्ही मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेत असाल तर पानांचं हे खाणं तुमच्या डॉक्टरांना सांगा, किती दिवस खाल्लीत तेही सांगा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर ते आजच सांगा.